उशाशी बसलेल्यांचीही इयादत

रुग्णाला भेटावयास जाणे, त्याची विचारपूस करणे आणि त्याच्यासाठी दुआ करणे यास आपण इयादत म्हणतो. एका मुस्लिमाचे दुसऱ्या मुस्लिमावर जे हक्क प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, त्यांत इयादतीचा समावेश आहे. अल्हम्दुलिल्लाह, आपल्या समाजात हा हक्क आजही आस्थेने पाळला जातो. मोहल्ल्यातील कोणी इस्पितळात दाखल झाले, की सायंकाळी भेटीच्या वेळेत नातेवाईक, शेजारी व मशिदीतील मंडळी हातात फळे घेऊन खाटेभोवती उभी राहतात. परंतु आपण पाहतो ते खाटेवर पडलेल्याकडे. त्याच खाटेच्या उशाशी स्टुलावर जो बसलेला आहे, ज्याने तीन रात्री पाठ टेकलेली नाही, त्याच्याकडे आपली नजर क्वचितच वळते. आणि पायथ्याशी तापाची नोंद करीत जी अठरा-एकोणीस वर्षांची शिकाऊ परिचारिका उभी असते, तिच्याही मनावर काही ओझे असेल, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

या दोघांच्या मनाची काळजी घेणे हा दीनचाच भाग आहे, हे या लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी प्रारंभी माझ्याच एका चुकीची कबुली द्यावी लागेल.

इमामतीच्या पहिल्या वर्षांतील ही गोष्ट. आमच्या मशिदीतील एका मुक्तदीचे वडील अर्धांगवायूने चार वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांना कूस वळवून देणे, भरविणे, स्वच्छ करणे ही सारी सेवा या मुलाने आणि त्याच्या पत्नीने केली. वडिलांचे निधन झाले. दफनानंतर तिसऱ्या दिवशी फज्रची नमाज आटोपून सर्व उठून गेले, तरी हा गृहस्थ बसूनच राहिला. मग खालच्या मानेने म्हणाला, ''मौलाना, अब्बा गेले त्या रात्री मी चार वर्षांत पहिल्यांदा सलग झोपलो. सकाळी उठलो तेव्हा हलके वाटले. आणि मग स्वतःचीच शरम वाटली. कधीकधी मनात येत असे, की हे आता संपावे. मी नालायक मुलगा आहे का?''

मी तरुण होतो, शिकलेले शब्द जिभेवर होते. मी म्हणालो, ''सब्र करा, तौबा करा, नमाज वाढवा.'' तो उठून गेला आणि पुढे कित्येक महिने मशिदीत आला नाही. जे पाप नव्हते त्याची तौबा करावयास मी त्याला सांगितले होते. त्याला हवे होते ते मी दिले नाही आणि नको होते ते त्याच्या खांद्यावर ठेवले.

अश्रू आणि ईमान

आपल्याकडे एक गैरसमज घट्ट रुजला आहे. ज्याचे ईमान बळकट, त्याचे मन कधी खचत नाही, आणि ज्याचे मन खचले, त्याच्या ईमानात काही उणे आहे. दिव्य कुरआनातील पैगंबरांच्या कथा वाचल्या, म्हणजे हा समज टिकत नाही.

सूरह यूसुफच्या ८३ व्या आयतीत हजरत याकूब (अलै.) आपल्या मुलांना सांगतात, की मी सुंदर धीर धरीन. लगेच पुढच्या, म्हणजे ८४ व्या आयतीत, यूसुफच्या विरहाच्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडल्याचा उल्लेख आहे. 'सब्रे जमील' आणि डोळे विझविणारे दुःख या दोन गोष्टी कुरआनने एकमेकींच्या शेजारी ठेवल्या आहेत. दुःख झाले म्हणून सब्र मोडला, असे कुरआन म्हणत नाही. पुढे ८६ व्या आयतीत ते आपली व्यथा अल्लाहपुढे मांडतात. म्हणजे सब्र याचा अर्थ ओठ शिवून बसणे असा नव्हे. दुःख बोलण्याची योग्य जागा शोधणे, हा सब्रचाच एक प्रकार आहे.

प्रेषित (स.) यांचे चिरंजीव इब्राहीम शेवटचे श्वास घेत होते, तेव्हा प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले. प्रेषितांनी त्यांना सांगितले, की ही करुणा आहे. डोळे पाझरतात, हृदय दुःखी होते, आणि जिभेवर मात्र पालनकर्त्याला आवडेल तेच येते, अशा आशयाचे त्यांचे उद्गार बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेले आहेत. ज्यांच्यापेक्षा श्रेष्ठ ईमान कोणाचे नाही, त्यांनी चारचौघांत अश्रू ढाळले आणि ते लपविले नाहीत. मग इस्पितळाच्या जिन्यावर बसून रडणाऱ्या मुलाला 'मर्द होऊन रडतोस?' असे विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आधी पाणी, मग उपदेश

खचलेल्या माणसाला धीर कसा द्यावा, याचा वस्तुपाठ सूरह मरयमच्या २३ ते २६ या आयतींत आहे. प्रसववेदनांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरयम (अलै.) एकट्या खजुरीच्या बुंध्याशी आहेत. यापूर्वीच मरण आले असते आणि लोक मला विसरून गेले असते तर बरे, असे शब्द त्यांच्या तोंडून निघतात. एका पुण्यशील, निवडलेल्या स्त्रीच्या तोंडून निघालेले हे शब्द कुरआनने झाकून ठेवले नाहीत, आणि त्यांवर एका शब्दाने ताशेराही ओढला नाही. त्यांना उत्तर मिळाले ते असे: दुःखी होऊ नकोस, तुझ्या पायाशी पाण्याचा झरा आहे, खजुरीचे खोड हलव, ताजी फळे पडतील, खा, पी आणि डोळे निवव. त्यानंतर, लोक भेटले तर आज मौन आहे असे सांग, म्हणजे त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसण्याचीही गरज नाही.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. प्रथम दिलासा, मग पाणी, मग अन्न, आणि मग लोकांच्या चौकशीपासून सुटका. उपदेश, कारणमीमांसा, 'असे बोलू नये' अशी ताकीद यांतले तेथे काहीही नाही.

प्रेषितांची रीतही हीच होती. हिजरी सन ८ मध्ये मुअता येथील लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले. प्रेषित (स.) यांनी लोकांना सांगितले, की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर असा प्रसंग आला आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही. ज्याचे मन व्यापलेले आहे त्याला चूल पेटविणेही जड जाते, ही जाणीव या आज्ञेत आहे.

हजरत आयेशा (रजि.) यांच्या कुटुंबात कोणी मृत्यू पावले, की स्त्रिया जमत आणि मग पांगत. केवळ घरची व अगदी जवळची माणसे उरली, म्हणजे आयेशा (रजि.) तलबीना शिजवावयास सांगत. तलबीना म्हणजे जवाच्या पिठाची पातळ लापशी. ती रुग्णाच्या हृदयाला विसावा देते आणि दुःखाचा काही भार हलका करते, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते (बुखारी). या कथनातील एक बारकावा हृदयात साठवून ठेवण्याजोगा आहे. लापशी चुलीवर चढते ती गर्दी पांगल्यावर. खरे एकटेपण तेव्हाच सुरू होते. आपण पहिल्या तीन दिवसांत दाराशी चपलांचा ढीग करतो आणि चौथ्या दिवसापासून त्या घराकडे फिरकत नाही.

ज्यांना बद्रमध्ये न जाता बद्रचे पुण्य मिळाले

घरात दीर्घकाळ आजारी असलेल्याची सेवा करणाऱ्यांच्या मनात आणखी एक सल असतो: 'माझी जमात सुटते, तिलावत होत नाही, तरावीहला जाता आले नाही, मी दीनपासून लांब चाललो.' अशांसाठी हजरत उस्मान (रजि.) यांची हकिकत मोठी दिलासा देणारी आहे.

हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली. इस्लामच्या इतिहासात बद्रमध्ये सहभागी झालेल्यांचा दर्जा किती मोठा मानला जातो, हे सर्वज्ञात आहे. त्या वेळी हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी व प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी त्यांना पत्नीच्या सेवेसाठी मदीनेतच थांबावयास सांगितले, आणि बद्रमध्ये प्रत्यक्ष भाग घेणाऱ्याइतके पुण्य व वाटा तुम्हाला मिळेल, असेही सांगितले (बुखारी). आजारी पत्नीच्या उशाशी बसणे हे बद्रच्या मैदानात उभे राहण्याच्या बरोबरीने मोजले गेले, याहून अधिक काय हवे?

फिकहच्या ग्रंथांतही रुग्णाची शुश्रूषा हे जमात सोडण्यासाठी वैध कारण मानलेले आहे. आपल्या राज्यात कोकणातील बांधव बहुतांशी शाफिई मताचे आणि इतरत्र बहुतांशी हनफी मताचे आहेत. या बाबतीत दोन्ही मतांत सवलत आहे. ज्या रुग्णाला एकटे सोडल्यास त्याला त्रास होईल आणि जवळ दुसरे कोणी नाही, त्याच्याजवळ थांबणाऱ्यास जुमाही माफ आहे. त्याने त्या जागी जुहर अदा करावी. तेव्हा मशिदीच्या पायऱ्यांवर उभे राहून 'हल्ली दिसत नाहीस' असा टोमणा मारण्यापूर्वी, तो कोणाच्या उशाशी बसला आहे, याची चौकशी करावी.

सेवा करणाऱ्याच्या देहाचा हक्क

दुसऱ्या बाजूने, सेवा हे पुण्य आहे म्हणून सेवा करणाऱ्याने स्वतःला जाळून घ्यावे, असेही दीन सांगत नाही. हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे व रात्री नमाज यांत इतके गढून गेले होते, की घरच्यांकडेही त्यांचे लक्ष उरले नव्हते. हजरत सलमान फारसी (रजि.) त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आले. त्यांनी अबू दरदांना आग्रहाने आपल्याबरोबर जेवावयास लावले, रात्री झोपावयास लावले, आणि मग समजावले, की पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःचा आहे, घरच्यांचाही आहे. ज्याचा हक्क त्याला द्यावा. प्रेषितांना हे कळले, तेव्हा सलमानने खरे तेच सांगितले, असा त्यांनी निर्वाळा दिला (बुखारी). जेथे नफ्ल इबादतीसाठी देहाचा हक्क मारता येत नाही, तेथे इतर कामांसाठी तो कसा मारता येईल?

येथे आपल्या घरांतील एक अन्याय स्पष्ट बोलला पाहिजे. सासू-सासऱ्यांच्या आजारपणात शुश्रूषेचा सारा भार बहुधा एका सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर पडतो. बाकीचे भाऊ पैसे पाठवितात, फोनवर औषधांची चौकशी करतात आणि ईदला येऊन 'अम्मी किती वाळली' असे म्हणतात. आईवडिलांशी उत्तम वर्तनाचा आदेश सर्व अपत्यांना आहे, एकट्याला नाही. घरातील मंडळींनी बसून पाळ्या ठरवाव्यात. कोणत्या रात्री कोण जागेल, डॉक्टरांशी कोण बोलेल, औषधे कोण आणील, हे कागदावर लिहावे. जो दूर राहतो, त्याने वर्षातून काही आठवडे येऊन पाळी घ्यावी. पैशाने गोळी विकत आणता येते, झोप आणता येत नाही.

आणि 'हे आता संपावे' या विचाराचे काय? माझ्या त्या मुक्तदीला मी त्या वेळी जे सांगावयास हवे होते, ते आज येथे लिहितो. मनात आपोआप येऊन जाणारे विचार जोवर माणूस बोलून दाखवीत नाही किंवा त्यांप्रमाणे वागत नाही, तोवर अल्लाहने या उम्मतला ते माफ केले आहेत, असे प्रेषितांनी सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). ज्याच्या मनात ते आले, आणि तरीही ज्याने पहाटे तीन वाजता उठून वडिलांची चादर बदलली, त्याचा विचार नव्हे, त्याची कृती लिहिली गेली. राहिला प्रश्न मृत्यूनंतर वाटलेल्या हलकेपणाचा. एक जनाजा जवळून गेला असता प्रेषितांनी सांगितले होते, की श्रद्धावंत बंदा मरणाने जगाच्या कष्टांतून विसावा पावतो. वडिलांच्या यातना संपल्या, म्हणून मुलाच्या छातीवरील दगड उतरला असेल, तर ती कृतघ्नता नाही. थकलेला देह झोपला, एवढेच. ती झोप त्याचा हक्क होती.

शिकाऊ परिचारिका: आपल्याच घरातील मुली

आता दुसऱ्या व्यक्तीकडे वळू. आज आपल्या अनेक मुली परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असा हा अभ्यासक्रम असतो. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी पाठ्यपुस्तके, वसतिगृहातील एकटेपण आणि वॉर्डातील ड्यूटी हे सारे एकदम सामोरे येते. तिच्या मैत्रिणी महाविद्यालयात व्याख्याने ऐकत असतात, त्या वयात ही रक्त, पू, वेदना आणि मृत्यू जवळून पाहत असते.

मोहल्ल्यातील अशीच एक मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना सुटीवर घरी आली. ती जेवत नव्हती, रात्री दचकून उठत होती. दादीने नजर लागल्याचे निदान केले, वडील म्हणाले शिक्षण बंद, आणि तिची आई दम केलेले पाणी मागण्यासाठी माझ्याकडे आली. मी दुआ पढून पाणी दिले. दुआ खरीच आहे, तिच्याविषयी मला शंका नाही. परंतु या वेळी, पहिल्या चुकीची आठवण ठेवून, मी आईला एवढेही सांगितले, की आज रात्री तिच्याजवळ बसा आणि काय घडले ते तिला बोलू द्या. मध्ये काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी आईने सांगितले: वॉर्डात एक बाळ दगावले होते. त्याचे इवलेसे हात पुसून त्याला कापडात गुंडाळण्याचे काम या मुलीच्या वाट्याला आले. तिला हुंदका आला, तेव्हा वरिष्ठ म्हणाल्या, 'रडायचे असेल तर या पेशात यायचे नव्हते.' गेले तीन आठवडे तिने हे कोणालाही सांगितलेले नव्हते.

अशा मुलींना हजरत उम्मे अतिय्या (रजि.) यांची ओळख करून दिली पाहिजे. त्या प्रेषितांसमवेत सात मोहिमांत गेल्या. तळावर राहून त्या अन्न शिजवीत, जखमींवर उपचार करीत आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत (मुस्लिम). याच उम्मे अतिय्यांनी प्रेषितांच्या कन्या हजरत जैनब (रजि.) यांना अखेरचे गुस्ल दिले. त्या प्रसंगी प्रेषितांनी त्यांना सर्व रीत नीट समजावून दिली: किती वेळा पाणी घालावे, उजवीकडून कसा प्रारंभ करावा, बोरीची पाने व कापूर केव्हा वापरावा. काम संपल्यावर मला कळवा, असेही सांगितले, आणि मग आपली लुंगी कन्येच्या अंगाला लागून गुंडाळण्यासाठी दिली. जखमींची सेवा करणारे हात आणि मृताला स्नान घालणारे हात येथे एकच आहेत. शिकविणारा जवळ आहे, सूचना स्पष्ट आहेत, आणि काम संपल्यावर कोणीतरी वाट पाहत आहे. परिचर्या महाविद्यालयांतील शिक्षिका व वॉर्डातील वरिष्ठ भगिनींसाठी यात मोठा धडा आहे. विद्यार्थिनीच्या पहिल्या मृत्यूच्या प्रसंगी तिला एकटीला सोडू नये. काम झाल्यावर तिला बसवावे, चहा द्यावा आणि 'कशी आहेस?' असे विचारावे.

हजरत रुफैदा (रजि.) यांचेही नाव घेतले पाहिजे. हिजरी सन ५ मध्ये खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा मशिदे नबवीजवळच्या रुफैदांच्या तंबूत त्यांची शुश्रूषा झाली. म्हणजे आपल्या पहिल्या रुग्णसेविकेची जागा मशिदीच्या सावलीत होती. आणि आज रात्रपाळी करणाऱ्या मुलीच्या चारित्र्याविषयी आपल्यातलेच लोक कुजबुजतात, तिच्या लग्नाची बोलणी मोडतात! ज्या दिवशी आपली स्वतःची आई अतिदक्षता विभागात असते, त्या रात्री मात्र ड्यूटीवर कोणीतरी मुस्लिम मुलगी असावी, असे आपल्यालाच वाटते.

या मुलींना दीनविषयी काही शंकाही छळतात. नमाज सुरू असताना रुग्ण अत्यवस्थ झाला तर काय करावे, असा प्रश्न एकीने विचारला होता. नमाज सोडून धावावे. जीव वाचविणे येथे कर्तव्य आहे, आणि नमाज नंतर पुन्हा पढता येते. ज्याने एक जीव वाचविला त्याने जणू समस्त मानवजातीला वाचविले, हा सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीचा आशय या मुलींना तोंडपाठ असतो. त्यासोबत सूरह बकराच्या २८६ व्या आयतीचा आशयही त्यांना सांगावा, की अल्लाह कोणाही जिवावर त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकीत नाही. प्रयत्न आपल्या हाती आहेत, आयुष्य अल्लाहच्या हाती. प्रत्येक मृत्यूचा हिशेब अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या नावावर मांडू नये.

मनाचाही इलाज असतो

प्रेमाने बोलून आणि विश्रांतीने बहुतेक मने सावरतात. काही सावरत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडालेली असणे, कशातच मन न लागणे, विनाकारण रडू कोसळणे, वारंवार मरणाचे विचार येणे, ही लक्षणे दिसली तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांकडे जावे. रोग दिला त्याने इलाजही दिला, म्हणून उपचार घ्या, ही प्रेषितांची शिकवण देहापुरती मर्यादित नाही.

मनाच्या इलाजाला आपल्याकडे परका विचार समजले जाते, म्हणून एका नावाची आठवण करून देतो. बल्ख येथील विद्वान अबू जैद अल्-बल्खी (निधन हिजरी ३२२, इसवी सन ९३४) यांनी 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस' म्हणजे 'शरीरांचे व मनांचे हित' या नावाचा ग्रंथ लिहिला. माणूस देह व मन मिळून बनलेला आहे. वैद्य देहाकडे पाहतात, मनाकडे दुर्लक्ष करतात, अशी त्यांची तक्रार होती. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले. एकाचे कारण ठाऊक असते, दुसऱ्याचे ठाऊक नसते, आणि या दुसऱ्या प्रकारात देहाचाही उपचार करावा लागतो, असे त्यांनी लिहिले. जसे आपण अडीअडचणीसाठी घरात औषधे ठेवतो, तसे निरोगी विचार शांत काळात जमवून ठेवावेत आणि संकटात ते काढावेत, ही त्यांची सूचना हजार वर्षांनंतरही ताजी आहे.

आज आपल्या देशात केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा प्रारंभ १० ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. १४४१६ हा तिचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते आणि शुल्क लागत नाही. हा क्रमांक प्रत्येक मशिदीच्या फलकावर नमाजेच्या वेळांखाली लिहिला जावा. घरातील कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला, तर पोलिसांच्या धास्तीने लोक गोष्ट दडपतात व उपचार राहून जातात. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई आहे. त्याच आयतीच्या अखेरीस अल्लाह तुमच्यावर दयाळू असल्याचे सांगितले आहे. खचलेल्यासमोर आपण अर्धीच आयत ठेवतो.

मोहल्ल्याने काय करावे

आपल्या राज्यात रुग्णांच्या नातेवाइकांची जाण ठेवणाऱ्यांत संत गाडगेबाबांचे नाव मोठे आहे. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरहून आलेल्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आजही आसरा मिळतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना सोबत ठेवले. कुटुंब सोबत असले, की रुग्णही सावरतो आणि घरच्यांची भीतीही जाते, हे त्यांनी दाखवून दिले. रुफैदांच्या तंबूचे वारस म्हणविणाऱ्या आपण मागे का राहावे?

इस्पितळाच्या जवळ असलेल्या मशिदींनी वुजूखाना, स्वच्छतागृह आणि दोन तास पाठ टेकण्यापुरती जागा नातेवाइकांसाठी खुली ठेवावी, कोणत्याही धर्माच्या. रमजानमध्ये सहरीचे डबे वॉर्डातील नातेवाइकांना आणि रात्रपाळीच्या विद्यार्थिनींना पोहोचवावेत. मोहल्ल्यातील चार तरुणांनी एक-एक रात्र वाटून घ्यावी, म्हणजे सेवा करणारा एक रात्र घरी जाऊन झोपू शकेल.

इयादतीस जाणाऱ्याने थोडा वेळच थांबावे. खर्च किती आला, डॉक्टरांनी काय सांगितले, असे विचारू नये. 'आमच्या मामूलाही हाच आजार होता, तीन महिन्यांत गेले' असे तर मुळीच सांगू नये. निघताना उशाशी बसलेल्याला बाहेर बोलवावे आणि विचारावे, ''तू जेवलास का? किती झोपलास?'' त्याने 'मी ठीक आहे' म्हटले, तरी थोडे थांबावे. खरे उत्तर बहुधा दुसऱ्यांदा विचारल्यावर येते.

माझा तो मुक्तदी पुढे मशिदीत परतला. मीच त्याच्या घरी गेलो, माझी चूक मान्य केली आणि वरील हदीस त्याला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पत्नीला चहा ठेवावयास सांगितले. तो परतला खरा, पण मधल्या महिन्यांत तो कोणत्या अंधारातून गेला असेल, याचा हिशेब माझ्याकडेही मागितला जाईल, ही भीती मला आहे. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या शब्दांनी कोणाचा भार वाढू नये, एवढी तरी काळजी आपण घेऊ या.

आजाऱ्याला भेटलास असतास तर मी तुला तेथेच भेटलो असतो, असे अल्लाह कियामतच्या दिवशी आपल्या बंद्याला म्हणेल, हा हदीसे कुदसीचा आशय आपण अनेकदा ऐकला आहे. त्या खाटेपाशी जाल, तेव्हा उशाशी आणि पायथ्याशी असलेल्यांकडेही पाहून या.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना शिफा दे. त्यांच्यासाठी जागणाऱ्यांच्या डोळ्यांना विसावा दे. ज्या मुली आपल्या कोवळ्या हातांनी परक्यांच्या जखमा धुतात, त्यांच्या मनांना बळ दे, आणि आम्हाला त्यांचे ओझे हलके करणारे बनव. आमीन.